सत्कार मध्यंतरातच उरकून घे

बाळा, मंडळात नवा आहेस म्हणून सांगतो. फुटबॉलच्या अंतिम सामन्याला मैदानासाठी राबणाऱ्यांचा सत्कार ठेवलास ते बरं केलंस, पण बक्षीस समारंभानंतर नको. चषक उचलला की अर्धं मैदान रिकामं होतं. मध्यंतरात कर.

नावं कार्यकारिणीत बसून ठरवू नकोस, खेळाडूंना विचार. उजाडायच्या आत चुन्याची रेघ कोण मारतो, जाळीची भोकं सुतळीने कोण शिवतो, हे त्यांनाच ठाऊक. पाऊस सरल्यावर मैदानावरचं तण काढणारे, सरबताचं पातेलं सांभाळणाऱ्या काकी, यांची नावं इतिवृत्तात कधी येत नाहीत. 2012 साली फुटबॉल गोव्याचा राज्यखेळ म्हणून जाहीर झाला. वाडीवस्तीवरची मैदानं त्याआधीही अशाच माणसांनी राखली.

शाल-श्रीफळ आमदारांच्या हातून दिलं की फोटो आमदारांचा होतो. कर्णधाराला देऊ दे. आणि एप्रिलच्या उकाड्यात शाल कशाला? (हे माझं जुनंच भांडण.) चांगली छत्री दे, जूनमध्ये कामी येईल. माईकवर नुसतं ‘मोलाचं सहकार्य’ म्हणू नकोस, काम सांग: ‘ही जाळी यांनी शिवली.’ आधी घरी जाऊन पूर्ण नाव विचारून घे. काहींना स्टेजवर यायला आवडत नाही, त्यांना ओढू नकोस.