पॉट लिमिट ओमाहा पोकरमध्ये फ्लॉपवर नट स्ट्रेट लागला, पण रीड्रॉ काहीच नाही, तर रेझ करायचं का?

फ्लॉप म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं, नट स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच पानांचा आणि त्या क्षणी सगळ्यांत मोठा हात, रीड्रॉ म्हणजे पुढच्या पानांवर तो आणखी वाढण्याची संधी, रेझ म्हणजे बेट वाढवणं. तुमचा हात असा होता, बदाम एक्का, किलवर गुलाम, बदाम दश्शी, चौकट दुर्री. फ्लॉप इस्पिक नव्वी, इस्पिक अठ्ठी, चौकट सत्ती. पॉट (मधे जमलेली रक्कम) १०००, समोरच्याने १००० टाकले, तुमच्याकडे ८०००. तुम्ही रेझवर रेझ करत सगळे आत घातले आणि रिव्हरला (पाचव्या, शेवटच्या पानाला) इस्पिक पडल्यावर ते सगळे गेले, आता विचारताय की नशीब वाईट का. मला तरी वाटतं चूक फ्लॉपलाच झाली.

होल्डेममध्ये (दोन-दोन पानांचा पोकर) नट्स असले की पैसे आत ढकलायचे हे बहुतेक वेळा चालतं. ओमाहात चार पानांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या होतात, त्यामुळे तुम्ही रीरेझ केल्यावरही जो मागे हटत नाही त्याच्याकडे नुसती टॉप पेअर (फ्लॉपमधल्या सगळ्यांत मोठ्या पानाची जोडी) जवळजवळ कधीच नसते. समजा त्याच्याकडे इस्पिक गुलाम आणि इस्पिक दश्शी आहे, म्हणजे स्ट्रेट तुमच्याएवढाच पण वर फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाची पाच पानं व्हायला एकच पान कमी). तो साधारण ४० टक्के वेळा सगळा पॉट नेणार, बाकी वेळा अर्धा अर्धा, आणि तुम्हाला पूर्ण पॉट एकदाही नाही! आता दुसरा हात बघा, दोन लाल नव्व्या आणि इस्पिकचा एक्का-पंजी. सेट (एकसारखी तीन पानं) अधिक फ्लश ड्रॉ. त्याला टर्नला (चौथ्या पानाला) १५ आऊट्स (पुढे नेणारी पानं), आणि दोन पानं यायची असताना तोच साधारण ६३ टक्के वेळा जिंकणार आहे, तुमचा स्ट्रेट "लागलेला" असूनसुद्धा.

म्हणून असा हात फ्लॉपला फक्त कॉल करायचा, म्हणजे त्याच्या बेटएवढेच पैसे टाकायचे. घाबरून नाही, हिशोबाने. पॉट लिमिटमध्ये जास्तीत जास्त पॉटएवढीच बेट लावता येते, म्हणजे कॉल करणाऱ्याला जिंकण्याची ३३ टक्के शक्यता पुरते. दोन पानं बाकी असताना साध्या फ्लश ड्रॉलासुद्धा तेवढी मिळते, त्यामुळे फ्लॉपला तुम्ही कितीही जोर लावा, तो काही पळत नाही. टर्नला किलवर राजासारखं बिनकामाचं पान पडलं की गणित उलटतं. नुसत्या फ्लश ड्रॉकडे आता जेमतेम २०-२२ टक्के, नुसत्या सेटकडे २५ च्या आसपास, आणि तो सेट-फ्लशवाला राक्षस हातसुद्धा ४२-४३ वर येतो. आता पॉट ३००० आहे, त्याने चेक केलं (बेट न लावता पाळी सोडली) तर पूर्ण ३००० लावा, त्याने बेट केली तर बिनधास्त सगळे टाका. आणि इस्पिक पडलं किंवा बोर्ड पेअर झाला (टेबलावर जोडी पडली) आणि तो पुन्हा जोरात आला तर सोडून द्या, गेले फक्त १०००. नट स्ट्रेट फोल्ड करताना जिवावर येतं हे मान्य, पण टर्नला तो नट राहिलेलाच नसतो.

हे सगळं स्टॅक खोल (दोघांकडे पॉटच्या मानाने भरपूर पैसे) असताना आणि तुमची पाळी त्याच्यानंतर असताना. तुमच्याकडे पॉटएवढेच पैसे उरले असतील तर थांबण्यात काही अर्थ नाही, फ्लॉपलाच टाकून मोकळे व्हा. आधी तुम्हाला बोलायचं असेल तर चेक-कॉल, पण तेव्हा टर्नला फुकट पान जाण्याचा धोका असतो, म्हणून चांगलं पान आलं की स्वतःच बेट करा, त्याच्या चेकची वाट बघू नका. मध्ये तिसरा कोणी कॉल करून बसला असेल तर आणखी जपून, कारण एकाकडे फ्लश आणि दुसऱ्याकडे सेट असं असलं की तुमच्यासाठी चांगली पानं फारच थोडी उरतात.

आणि हेच गुलाम-दश्शी एक्का-राजा इस्पिकसोबत असते तर मात्र फ्लॉपलाच रेझ, जितकं जाईल तितकं.