नाशिकच्या वाइनरी दोन दिवसांत: पाच नव्हे, तीन

प्रश्न असा आहे: मुंबईहून चौघे, स्वतःची गाडी, फेब्रुवारीतला शनिवार-रविवार. यादीत पाच वाइनरी: सुला, यॉर्क, शांदों, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झांपा. दोन दिवसांत सगळ्या कशा बसवायच्या? चौघांत एक मुलगी १९ वर्षांची.

यादीतली दोन नावं आधी खोडा. कारण वेळेचं कमी, मिलीलिटरचं जास्त आहे. एका टेस्टिंगला (थोडी थोडी वाइन चाखण्याच्या बैठकीला) साधारण सहा वाइन, प्रत्येकी ३० मिली धरल्या तर १८० मिली होतात. १३ टक्क्यांच्या हिशेबाने त्यात १८ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल. शरीर तासाला साधारण ७-८ ग्रॅम निकालात काढतं, म्हणजे एक टेस्टिंग उतरायला अडीच तास तरी लागतात. दिवसात तिसरी वाइनरी केली तर तिथल्या वाइनचं फक्त नाव लक्षात राहतं, चव नाही.

गाडीचंही त्यातच आलं. कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलोचा माणूस एका पूर्ण टेस्टिंगने ती सहज ओलांडतो. पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ आहे, त्यामुळे त्या मुलीला टेस्टिंग मिळणार नाही. पण म्हणून तिला दोन दिवस ड्रायव्हर करू नका, ते बरं दिसत नाही. शनिवारी आपली गाडी हॉटेलवर ठेवून ड्रायव्हरसकट गाडी दिवसभरासाठी ठरवा. जाताना कॅब मिळते म्हणून परतताना मिळेलच असं गंगापूर धरणाच्या बाजूला धरून चालू नका.

आता दिशा. सुला आणि यॉर्क शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला, एकमेकांपासून काही मिनिटांवर. शांदों उत्तरेला दिंडोरीकडे. व्हॅलोने (कावनई) आणि ग्रोव्हर झांपा (सांजेगाव) इगतपुरी तालुक्यात, म्हणजे तुमच्या मुंबईच्या वाटेवर. दिंडोरी आणि इगतपुरी एका दिवसात बसवायला गेलात तर दिवस रस्त्यातच संपतो. म्हणून शांदों या वेळी सोडा; तिथे वेळ ठरवल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही आणि भर मुख्यतः स्पार्कलिंगवर, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनवर आहे. शनिवारी सुला आणि यॉर्क, रविवारी परतताना व्हॅलोने; ग्रोव्हर झांपाही या वेळी सोडा. सुला आणि यॉर्कची मालकी २०२१ पासून एकच आहे, तरी यॉर्क ठेवा. जागा लहान आहे, ओतणाऱ्याशी बोलायला वेळ मिळतो. सुलाला मात्र सकाळी उघडल्या उघडल्या जा. दुपारनंतर शनिवारची गर्दी अशी असते की ग्लासात काय आहे हे विचारायला ओरडावं लागतं. व्हॅलोनेला आधी फोन करून टेस्टिंग आणि जेवण दोन्ही सांगून ठेवा. व्हॅलोनेपासून परतीचं ड्रायव्हिंग ज्याच्याकडे असेल त्याने रविवारी फक्त वास घ्यावा किंवा थुंकावं.

हो, थुंकावं. टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं. आपल्याकडे लोकांना संकोच वाटतो, पण घोट तोंडात फिरवून थुंकल्याने चव पूर्ण कळते आणि चौथी वाइनही चाखता येते. दोन वाइनमध्ये अर्धा ग्लास पाणी प्या. क्रम स्पार्कलिंग, कोरडी व्हाइट, रोझे, हलकी रेड, ओकच्या पिंपात मुरलेली भारी रेड आणि शेवटी उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्व्हेस्ट. गोड आधी घेतली तर पुढची कोरडी वाइन आंबट लागते आणि दोष वाइनला दिला जातो. रेड कोमट आली तर थोडी थंड करून मागा, १६ ते १८ अंश योग्य. व्हाइट ८ ते १२. आपलं 'रूम टेंपरेचर' रेडला मानवत नाही.

नाशिकला जाऊन मिसळ नाही असं होणार नाही, पण ती शनिवारी सकाळी नको. तर्रीने जीभ पोळलेली असताना रेडमधला तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात. शनिवारी इडली, पोहे, काहीतरी साधं आणि पोटभर खा. मिसळ रविवारी लवकर, पुढे व्हॅलोनेपर्यंत दोनेक तास मधे जाऊ द्या. अत्तर, परफ्यूम दोन्ही दिवस नको.

फेब्रुवारी निवडलात ते उत्तम. काढणी साधारण जानेवारी ते मार्च, आधी व्हाइटची, मग रेडची. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तेव्हा वेली उघड्याबोडक्या दिसतात. पावसाळ्यात हिरवंगार असतं पण घड नसतात. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास. रस्त्याकडेला मांडवावर लोंबणारे मोठे लांबट मणी खाण्याच्या द्राक्षांचे. वाइनची वेल बहुधा तारांवर उभी भिंतीसारखी, मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे. घड तोडून चाखू नका, विचारा; फवारणी झालेली असू शकते. जाण्याआधी ड्राय डे आणि जवळपास निवडणूक आहे का तेवढं बघा. त्या दिवशी टूर झाली तरी टेस्टिंग नाही.

खरेदीबद्दल: मुंबईच्या दुकानात मिळणारी बाटली तिथून उचलून आणण्यात बहुतेक वेळा फायदा नसतो. फक्त तिथेच मिळणारी, मर्यादित निघालेली घ्या. साध्या व्हाइटवर लेबलचं वर्ष बघा, दोन वर्षांहून जुनी असेल तर सोडा. खरेदी शेवटच्या थांब्यावर करा. शनिवारची बाटली रविवारच्या दुपारपर्यंत बंद गाडीत तापली तर वाइन फुगून बूच वर सरकतं आणि फळाचा वास जाऊन मुरांब्यासारखी शिजलेली चव येते. डिकीत नको. थर्माकोलच्या खोक्यात ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, एसीच्या वाऱ्याला, मागच्या सीटच्या पायाशी आडवी ठेवा. घरी आल्यावर दोन दिवस हलवू नका. रेड मग उघडा.