व्हिडिओ गेम वापरून मुलांना अभ्यासाची गोडी लावता येते का?

सर, तुम्ही लिहिलंय की घाटकोपरच्या तुमच्या क्लासमधली नववी-दहावीची मुलं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गेम खेळतात. ते वेड अभ्यासाकडे वळवता येईल का आणि त्यासाठी कोणता गेम घ्यावा. मी भांडुपला एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते आणि गेली काही वर्षं हे करून बघतेय. गोडी लागते, नक्की लागते. पण गेम नीट निवडावा लागतो, आणि तो मध्येच थांबवून फळ्याकडे वळावं लागतं.

प्रश्नमंजुषेला नाणी आणि तारे चिकटवलेली ॲप्स घेऊ नका. त्यात गणित म्हणजे टोलनाका: पैसे भरा आणि पुढे जा. मुलं अंदाजपंचे पर्याय दाबतात, आठवड्यात कंटाळतात. जो विषय शिकवायचाय तो कळल्याशिवाय खेळात पाऊलच पुढे पडत नाही, असा गेम शोधा.

मला तो ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’मध्ये सापडला. मेक्सिकोतल्या एका कंपनीने बनवलेला हा गेम २०१५ साली पूर्ण स्वरूपात आला. कर्बिन नावाच्या काल्पनिक ग्रहावरून आपण स्वतः रॉकेट जोडून उडवायचं. ग्रह खोटा, पण गुरुत्वाकर्षणाचा हिशेब खरा.

आमची शनिवारी सकाळची शाळा. माझा जुना लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला. पहिल्या दिवशी सगळ्या गटांनी रॉकेट सरळ वर सोडलं. शंभर किलोमीटरच्या वर गेलं, इंधन संपलं, धाडकन खाली. दुसरं तसंच, तिसरंही तसंच. मग मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, आडवं पळवायला पाहिजे!” मी तिथेच गेम थांबवला आणि दहावीच्या पुस्तकातलं ‘अवकाश मोहिमा’ हा धडा काढायला लावला. क्रांतिक वेगाचं, म्हणजे ग्रहाभोवती फिरत राहायला लागणाऱ्या आडव्या वेगाचं, सूत्र दरवर्षी मुलं परीक्षेपुरतं पाठ करतात. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, पृष्ठभागावर g, म्हणजे गुरुत्व त्वरण, पृथ्वीइतकाच. ८० किलोमीटर उंचीवर किती वेग लागेल? फळ्यावर उत्तर आलं, सेकंदाला सुमारे २,२८० मीटर. पुढच्या उड्डाणाला एक मुलगी पडद्यावरचा वेग मोठ्याने वाचत होती, “दोन हजार शंभर... दोन हजार दोनशे...” इंजिन बंद केलं, आणि रॉकेट पडलं नाही. ते फिरतच राहिलं. निम्मा वर्ग बाकांवर चढला होता. इतकी वर्षं शिकवतेय, पण सूत्राचं उत्तर बरोबर आलं म्हणून वर्ग असा ओरडलेला मी कधी पाहिला नव्हता.

खरी गंमत पुढच्या आठवड्यात झाली. मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, काढत होतो. पृथ्वीचा ११.२, कर्बिनचा जेमतेम ३.४ किलोमीटर प्रतिसेकंद. एरवी कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीने विचारलं, “बाई, ग्रह एवढासा, मग त्याचा g आपल्याएवढा कसा?” मलाही हे सुचलं नव्हतं. सगळ्यांनी मिळून मांडलं. त्रिज्या साधारण दहावा हिस्सा आणि g तेवढाच, म्हणजे घनता दहापटीहून जास्त हवी. पृथ्वीची सरासरी घनता घन सेंटिमीटरला ५.५ ग्रॅम, तर कर्बिनची निघाली सुमारे ५८. निसर्गात सापडणाऱ्या मूलद्रव्यांत सर्वांत घन ऑस्मियम, ते २२.६ वर थांबतं. म्हणजे असा ग्रह असूच शकत नाही! मुलांनी गेमची लबाडी गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातून पकडली. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो.

लॅपटॉप एकच पुरतो, उलट एकच असलेला बरा. गटातला एक जण उडवतो, एक हिशेब करतो, एक वहीत लिहितो. उड्डाणाआधी ‘काय होईल’ ते लिहायचंच, आणि पुढच्या खेपेला कामं बदलायची, नाहीतर उडवणारा कायम तोच राहतो. पडद्यावर सगळं इंग्रजीत असतं, म्हणून लागणारे पंधरा-वीस शब्द मराठीत लिहून भिंतीवर लावले.

गेम घरचा अभ्यास म्हणून कधीही देऊ नका. ही चूक मी पहिल्या वर्षी केली. तेव्हा मोबाईलवर चालणारं काहीतरी दिलं होतं. एका मुलीची वही सलग तीन वेळा कोरी आली. विचारलं तर म्हणाली, “दादा देत नाही.” घरात चार माणसांत एक फोन, तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी भावाच्या हातात. मी तिला वहीवरून बोलले होते, याचं आजही वाईट वाटतं. तेव्हापासून जे काही खेळायचं ते वर्गात, सगळ्यांसमोर.

लॅपटॉप नसेल तर कोलोराडो विद्यापीठाचं ‘फेट’ (PhET) हे पडद्यावर करायच्या प्रयोगांचं संकेतस्थळ बघा. २००२ साली नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा उपक्रम फुकट आहे, फोनच्या ब्राउझरमध्ये चालतो, आणि त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत. ते गेम नव्हेत, जिंकणं-हरणं त्यात नाही. पण विद्युत परिपथासाठी मी तेच वापरते.

रात्रीचं खेळणं याने थांबेल असं मात्र धरून चालू नका. माझ्या मुलांचं थांबलं नाही. त्यासाठी पालकांना बोलावून वेगळं बोलावं लागलं.

कर्बल घेणार असाल तर पहिलाच भाग घ्या. दुसरा २०२३ मध्ये अर्धवट अवस्थेत आला आणि तसाच राहिला. आणि पहिल्या दिवशी दोन-तीन रॉकेटं खुशाल पडू द्या, मध्ये बोलू नका. कुणीतरी ‘आडवं’ म्हणेल, तेव्हाच खडू हातात घ्या.