'स्नायुपेशी' नव्हे, कंडरापेशी

टेंडनमधल्या ज्या पेशी जखम भरून काढतात, वाढ साधतात आणि ऊतींची निगा राखतात, त्यांना 'स्नायुपेशी' म्हणावे काय, असे एका वाचकाने विचारले आहे. म्हणू नये. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावणारे मांस. टेंडनचे काम स्नायूची ओढ हाडापर्यंत पोहोचवणे एवढेच. तरीही टाचेची दोरी तुटली की 'स्नायू फाटला' असेच छापलेले वाचावे लागते. टेंडनला कंडरा हा नेमका शब्द असताना तिच्या पेशीला कंडरापेशी म्हणायला अडचण कसली?

काही परिभाषाकार टेंडनसाठी 'स्नायुरज्जू'चा आग्रह धरतात. त्यांनी सुश्रुतसंहितेचे शारीरस्थान उघडावे. तेथे स्नायू ९०० सांगितले आहेत, फळ्यांची नाव बंधनांनी जखडावी तसे शरीर स्नायूंनी सांध्यांत बांधलेले आहे असा दृष्टान्त दिला आहे, आणि त्यांतल्या वाटोळ्या स्नायूंनाच कंडरा म्हटले आहे. म्हणजे स्नायू हाच मुळात दोर, आणि 'स्नायुरज्जू' हा दोराचा दोर झाला. (त्याच ग्रंथात पेशी म्हणजे मांसाचा गोळा, त्यामुळे 'कंडरापेशी' वाचून सुश्रुतही बुचकळ्यात पडला असता, हे मान्य.)

परंतु खरी गंमत या पेशीच्या 'टेनोसाइट' या पाश्चात्त्य नावात आहे. ग्रीक भाषेतील 'टेनॉन' म्हणजे कंडरा, आणि त्यामागचा 'ताणणे' या अर्थाचा धातू संस्कृत 'तन्' धातूचा सख्खा भाऊ आहे. तंतू, वितान, विणकराचा ताणा आणि आपला रोजचा ताण ही सारी याच घराण्यातली मंडळी. तेव्हा टेनोसाइट म्हणजे सरळ 'ताणपेशी', आणि हे नाव केवळ व्युत्पत्तीने नव्हे, तर वर्तनानेही खरे ठरते. कोलॅजेन या चिवट प्रथिनाच्या तंतूंमध्ये रांगेने बसलेली ही लांबट पेशी ताण ओळखते आणि त्यानुसार नवे कोलॅजेन घडवते. ताण पूर्णपणे काढून घेतला, तर तीच भोवतालचे तंतू विरघळवणारी विकरे (एन्झाइम) सोडू लागते. जखम झाल्यावर आधी दाह होतो, मग कंडरेच्या आतल्या आणि आवरणातल्या पेशी वाढून घाईघाईने तिसऱ्या प्रकारचे, बारीक तंतूंचे कोलॅजेन रचतात, आणि पुढे कित्येक महिने पहिल्या प्रकारचे मजबूत तंतू ताणाच्या दिशेने लावले जातात. मूळ बळ मात्र पुरते परत येत नाही. 'ताणपेशी' कोशात शिरणार नाही हे मला ठाऊक आहे, कारण ज्याचा अर्थ ऐकताक्षणी कळतो तो शब्द आपल्या परिभाषाकारांना शास्त्रीय वाटत नाही.

प्रश्नातील 'निगा' हा शब्दही जपून वापरावा. अणुचाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होतच नाही.