थायरॉईडच्या गोळीमुळे स्नायू आणि सांधे दुखत असतील तर गोळी बंद करावी का?

चार महिन्यांपासून ५० मायक्रोग्रॅमची गोळी चालू आहे, गुडघे व पोटऱ्या दुखतात, म्हणून ती थांबवू का, असे आपण विचारले आहे. थांबवू नका. मी थांबवली होती.

‘ही गोळी सुरू झाल्यापासूनच तुझे गुडघे धरले,’ असे माझ्या थोरल्या जाऊबाईंचे ठाम मत होते आणि घरात सर्वांनीच त्याला मान डोलावल्यामुळे मी डॉक्टरांना न विचारता गोळी सोडली. पहिले आठ-दहा दिवस काहीच बिघडले नाही, उलट बरे वाटले; या औषधाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच सुमारे सात दिवस लागतात, हे मला ठाऊक नव्हते, आणि जाऊबाई जिंकल्या. पाचव्या आठवड्यात मात्र रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले, जमिनीवरून उठताना आधार लागू लागला आणि वेणी घालायला हात वर जाईना. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की रक्तात वाढणारे टीएसएच ४२ निघाले; स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे सीपीकेही वाढले होते.

गोळी चालू असतानाही दुखत होते, त्याचे कारण नंतर कळले. मी सकाळच्या चहाबरोबर थायरॉईडची आणि कॅल्शियमची गोळी एकदमच घेत असे. कॅल्शियम आणि लोह थायरॉईडचे औषध आतड्यात नीट शोषले जाऊ देत नाहीत. दोन्हींत चार तासांचे अंतर हवे, आणि चहाही अर्ध्या-पाऊण तासाने. गोळी पुन्हा सुरू करून कॅल्शियम रात्री घेऊ लागल्यावर आठ आठवड्यांत टीएसएच ४ वर आले, पोटऱ्या सुधारायला आणखी तीन महिने गेले, आणि आखडलेला खांदा वर्षभर छळत राहिला.

आपण ताजे टीएसएच लिहिलेले नाही, त्यामुळे आपला डोस पुरेसा आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी. सोबत ड जीवनसत्त्व पाहावे, कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, आणि सांध्यांना सूज असेल किंवा सकाळी तासभर बोटे वळत नसतील तर आमवाताची तपासणी वेगळी करून घ्यावी.

एक मान्य करायला हवे की डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर स्नायू अशक्त होतात आणि हाडेही झिजतात. जाऊबाई नेमके हेच वाक्य अर्धे तोडून सांगत असत. माझा ४२ चा अहवाल त्यांनी अजून पाहिलेला नाही. तो मी फाईलमध्ये सर्वांत वर लावून ठेवला आहे.