घडीच्या शिकारी चाकूत पात्याआधी कमान बघा

तुमचा प्रश्न असा आहे: जर्मन शिकाऱ्यांकडे असतो तसा शिंगाच्या मुठीचा घडीचा चाकू घरी हाताने बनवता येईल का, पात्याला कोणतं पोलाद घ्यावं, आणि भाता-ऐरण लागेल का?

बनवता येईल. भाता-ऐरण लागणार नाही. आणि पोलादाची इतकी काळजी करू नका, कारण घडीचा चाकू फसतो तो पात्यामुळे नाही, कमानीमुळे, म्हणजे पातं दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीमुळे.

मी पिंपरीत टूलरूममध्ये (कारखान्यातला साचे आणि हत्यारं बनवणारा विभाग) अकरा वर्षं काम केलं आणि आता जर्मनीत वुपर्टालला असतो. इथून झोलिंगेन अगदी लागून आहे, ट्रॉलीबसने जाता येतं. तलवारी आणि चाकूंसाठी ते गाव मध्ययुगापासून नावाजलेलं आहे, इतकं की त्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९३८ साली खास कायदा झाला. पूर्वी तिथे एक चाकू एकाच माणसाच्या हातून पुरा होत नसे. घडवणारा वेगळा, पाणी देणारा (पातं तापवून, बुडवून कडक करणारा) वेगळा, वुपर नदीकाठच्या पाणचक्कीवर पातं घासणारा वेगळा, आणि सगळे भाग जुळवून चाकू उभा करणारा वेगळा. या शेवटच्या माणसाला ‘रायडर’ म्हणतात. असे एक निवृत्त आजोबा मला भेटले आणि दोन हिवाळे दर शनिवारी मी त्यांच्या बाकाशेजारी उभा राहिलो. पुढे लिहितोय त्यातलं बरंचसं त्यांचंच आहे.

तुमच्या डोक्यात जो चाकू आहे त्यात बहुधा एकापेक्षा जास्त पाती असतील. मोठं पातं, हाडासाठी करवत, आणि जनावराचं पोट उघडण्यासाठी बोथट टोकाचं आखूड पातं. टोक बोथट अशासाठी, की आतडं फुटलं तर मांस खराब होतं. त्यात बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही असतो. पहिल्या खेपेला यातलं काही करू नका. एक पातं, एक कमान, बस्स.

पोलादाचं आधी उरकतो. पुण्या-मुंबईच्या टूलरूममध्ये ज्याला ओएचएनएस (तेलात बुडवून कडक होणारं हत्यारांचं पोलाद) म्हणतात तेच घ्या. इकडचे हौशी कारागीर १.२८४२ नावाचं जे पोलाद वापरतात ते त्याचंच जवळचं भावंड आहे. तीन मिलिमीटर जाडीची घासलेली पट्टी मिळाली तर उत्तम. पातं आणि कमान एकाच पट्टीतून कापा, म्हणजे जाडी आपोआप सारखी येते. ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता चांगला होतो, पण तो पाटा तीन मिलिमीटरवर सपाट आणायला जी मेहनत लागेल ती इथे वाया घालवू नका. बाजूंना एक मिलिमीटर पितळी पत्रा, आणि मुठीच्या टोकाला जर्मन सिल्व्हरचे तुकडे. (त्यात चांदी नसते; तांबं, निकेल आणि जस्त असतं.)

आता कमान. मिटलेल्या चाकूची पाठ म्हणजेच कमान. ती मुठीच्या मागच्या टोकाला एका खिळ्यावर आणि मधोमध दुसऱ्या खिळ्यावर धरलेली असते. पुढचं टोक मोकळं असतं आणि ते पात्याच्या टाचेवर दाबून बसतं. टाच म्हणजे पात्याचा फिरणाऱ्या खिळ्याभोवतीचा भाग. टाचेला एक सपाट बाजू उघड्या स्थितीसाठी, एक मिटलेल्या स्थितीसाठी. पातं फिरवलं की टाचेचा कोपरा कमानीला वर उचलतो, आणि कोपरा ओलांडला की कमान पुढच्या सपाटीवर ‘टक्’ करून बसते. आजोबा चाकू हातात घेतला की आधी तो कानाशी उघडायचे. पात्याकडे नंतर बघायचे.

ही ‘टक्’ येण्यासाठी कमान ताणात हवी. मागचा आणि मधला खिळा घातल्यावर, पातं नसताना, कमानीचं मोकळं टोक आपल्या शेवटच्या जागेपेक्षा दीडेक मिलिमीटर आत झुकलेलं असावं. पातं घातलं की टाच ते टोक वर ढकलते आणि ताण बसतो. ताण कमी पडला तर पातं लुळं पडतं, फार झाला तर उघडताना नख तुटतं.

यापुढे काम कानशीचं आहे आणि इथे घाई केली की सगळं संपतं. खिळे नुसते सरकवून चाकू जोडा, पातं उघडा, कमान ताणात असतानाच तिची पाठ आणि पत्र्यांच्या कडा एकत्र घासून एकसारख्या करा. मग पातं मिटा आणि पाठीवरून नख फिरवा. कमान वर आलेली लागली तर टाचेची मिटण्याची बाजू अजून उंच आहे. खोला, कानशीचे दोन हात मारा, पुन्हा जोडा. कमान आत गेलेली लागली तर तुम्ही जास्त घासलंत, आणि घासलेलं पोलाद परत येत नाही. मला एका चाकूसाठी हे खोलणं-जोडणं तीसेक वेळा करावं लागलं. आजोबांना पाच-सहा वेळा. उघड्या पात्याचा खांदा आणि कमानीचं टोक यांच्यामधून उजेड दिसता कामा नये. मिटल्यावर धार कमानीवर आपटू नये म्हणून टाचेजवळ धारेच्या बाजूला एक छोटा उंचवटा ठेवतात, तोही याच वेळी जुळवा.

फिरणाऱ्या खिळ्याचं भोक ड्रिलने किंचित लहान पाडून रीमरने (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) पुरं करा. तिथे ढिलाई राहिली तर पुढे काहीही करून पातं डुगडुगतंच.

मग पाणी देणं. लोहारकामातला हा शब्द मला फार आवडतो, जरी या पोलादाला पाणी नव्हे, तेल द्यायचं असतं. पाण्यात ते तडकतं. कोळशाची शेगडी आणि हवेसाठी साधा ब्लोअर पुरतो. पोलाद लाल होत गेलं की लोहचुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांना चुंबक धरेनासा होतो. त्याहून किंचित पुढे, ८०० अंशांच्या आसपास नेऊन कोमट तेलात सरळ उभं बुडवा. मग थोडं पाणी उतरवायला, म्हणजे ठिसूळपणा घालवायला, पातं लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर तास-तासभर दोनदा ठेवा. कमानीचं मात्र वेगळं. तिला कडकपणा नको, लवचिकपणा हवा, म्हणून तिचं पाणी बरंच जास्त उतरवावं लागतं, ४०० अंशांच्या आसपास. पातं आणि कमान एकाच ओव्हनमधून एकाच वेळी काढू नका. माझी पहिली कमान मी अशीच काढली होती. चौथ्यांदा उघडताना ती मधल्या भोकाशी मोडली आणि तीन आठवड्यांचं काम गेलं. आजोबांनी तुकडा उजेडात धरून दुसरी चूकही दाखवली. कानशीचे ओरखडे कमानीवर आडवे राहिले होते, आणि तडा अशाच ओरखड्यातून सुरू होतो. तेव्हापासून कमानीला शेवटचा एमरी पेपर मी लांबीच्या दिशेनेच मारतो.

मुठीबद्दल तुम्ही सांबरशिंगाचं विचारलंय, ते स्पष्ट सांगायला हवं. इंग्लंडमधल्या शेफील्ड आणि इथल्या झोलिंगेनच्या जुन्या चांगल्या चाकूंवर जे शिंग दिसतं त्यातलं बरंचसं आपल्या भारतातल्या सांबराचं आहे. युरोपातल्या हरणाच्या शिंगात आतला भुसभुशीत भाग जास्त, सांबराचं घट्ट, म्हणून त्याला मागणी होती. आज १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे शिकार बंद आहे आणि सांबराचं शिंग, अगदी रानात गळून पडलेलं सुद्धा, विकत घेणं किंवा उचलून आणणं गुन्हा आहे. कोणी ‘जुनं आहे’ म्हणून देऊ केलं तरी घेऊ नका. म्हशीचं शिंग घ्या. उत्तर प्रदेशात संभलला त्याचं मोठं काम चालतं, तुकडे तिथून मागवता येतात. नाहीतर शिसम किंवा बाभूळ. शिंग घासताना तोंडाला मास्क हवाच, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नका.

शेवटी खिळे ठोकणं. अडकित्त्याचा खिळा ज्यांनी कधी घट्ट केलाय त्यांना हे हाताला कळेल: एक घाव जास्त झाला की फिरणं बंद. पातं आणि पत्रा यांच्यामध्ये तेलात भिजवलेला पातळ कागद सरकवा, छोट्या हातोडीने खिळ्याची कड हळूहळू सगळीकडून पसरवा, मग कागद फाडून काढा. तेवढीच फट पात्याला फिरायला पुरते.

एक इशारा. अशा चाकूत पातं अडकून राहत नाही, कमान ते फक्त धरून ठेवते. टोकावर जोर देऊन खुपसायचं काम त्याने करू नका, तो बोटांवर मिटतो.

सुरुवात पोलादाने करू नका. जाड पुठ्ठ्यातून पातं, कमान आणि एक बाजू कापा, टाचण्यांवर फिरवून बघा, मिटल्यावर पात्याचं टोक मुठीत पूर्ण लपतंय का ते तपासा. तिन्ही भोकांची अंतरं मोजून इथे लिहिलीत तर पोलाद कापण्याआधी मी बघून सांगेन.