घरी बनवलेल्या सम्पमधील पडद्या कशाच्या असाव्यात : काच, ॲक्रिलिक की आणखी काही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : गोड्या पाण्यातील माशांच्या १२० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद टाकीखाली ठेवण्यासाठी तुम्ही ९० × ३० × ३८ सेंमी मापाच्या काचेच्या टाकीचा सम्प (वरच्या टाकीतील पाणी जिथे उतरते, गाळले जाते आणि पंपाने परत वर जाते ती खालची टाकी) बनवत आहात, त्यात चार बॅफल म्हणजे कप्पे पाडणाऱ्या उभ्या पडद्या बसवायच्या आहेत, पाट्या बनवणाऱ्या दुकानातून ३ मिमी ॲक्रिलिकचे तुकडे मिळाले आहेत, घरी जुन्या खिडकीची ५ मिमी काच पडून आहे, आणि एका परिचिताने कडाप्पा सुचवला आहे. यांपैकी काय वापरावे?

खिडकीची काच वापरा. तुमचा सम्प काचेचा आहे, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे. पडदीचे साहित्य निवडताना बहुतेक जण त्या पत्र्याची जाडी, किंमत आणि कापण्याची सोय पाहतात. परंतु पडदी स्वतः मोडल्याचे उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, निकामी होतो तो सांधा. म्हणून पडदी आणि सम्पची भिंत एकाच पदार्थाची असावी आणि त्या पदार्थाला धरून ठेवणाऱ्या साधनानेच ती जोडावी, हा नियम मी पाळतो. काचेत काच, सिलिकॉनने. ॲक्रिलिकमध्ये ॲक्रिलिक, कडा विरघळवून एकजीव करणाऱ्या द्रावकाने.

हा नियम मी अनुभवातून शिकलो. माझ्या पहिल्या काचेच्या सम्पमध्ये मी ३ मिमी ॲक्रिलिकच्याच पडद्या बसवल्या होत्या. सुरुवातीचे काही महिने सर्व व्यवस्थित होते. साधारण आठव्या महिन्यात वरच्या टाकीत बारीक बुडबुडे येऊ लागले, आणि सम्पमध्ये वाकून पाहिल्यावर शेवटची पडदी मध्यभागी धनुष्यासारखी वाकलेली दिसली. आणखी काही महिन्यांनी तिची एक बाजू पूर्ण सुटली. सम्प रिकामा करून पाहिले तेव्हा सिलिकॉनची पट्टी काचेला अखंड चिकटलेली होती आणि ॲक्रिलिकच्या कडेवर तिचा मागमूसही नव्हता. सिलिकॉन काचेला रासायनिक बंधाने धरते, ॲक्रिलिकला मात्र ते केवळ वरवर चिकटते. नवीन असताना ही पकड हाताला भक्कम वाटते आणि त्यामुळेच फसगत होते. एका कोपऱ्यातून पाणी आत शिरले की पट्टी सोलल्यासारखी निघत जाते.

वाकण्याचे कारण वेगळे आहे. ॲक्रिलिक पाणी शोषते. महिनोन्महिने बुडून राहिल्यावर त्याच्या वजनात २ टक्क्यांपर्यंत भर पडू शकते आणि त्या प्रमाणात ते फुगते. ३० सेंमी रुंदीच्या पडदीत ही वाढ मिलिमीटरच्या घरात जाते. शिवाय तापमानामुळे होणारे त्याचे प्रसरण काचेच्या सातआठ पट आहे. पाणी १० अंशांनी तापले तर ३० सेंमी ॲक्रिलिक सुमारे ०.२ मिमी वाढते, काच जेमतेम ०.०३ मिमी. दोन्ही बाजूंना काचेच्या न हलणाऱ्या भिंती असल्यामुळे वाढलेल्या पडदीला जायला जागा उरत नाही आणि ती पोटातून वाकते. ३ मिमी जाडीची तर सहज वाकते. वाकलेली पडदी आपल्या कडा सिलिकॉनपासून ओढत राहते, म्हणजे मुळातच दुबळ्या असलेल्या सांध्यावर रोज थोडा थोडा ताण येतो.

आता पाण्याचा भार. पडदीवर दोन्ही बाजूंनी पाणी असते, म्हणून तिच्यावर भार पडतो तो दोन्हीकडच्या पातळ्यांमधील फरकाचा. ३० सेंमी रुंदीच्या पडदीच्या एका बाजूला २५ सेंमी आणि दुसऱ्या बाजूला २० सेंमी पाणी असेल तर निव्वळ भार साधारण साडेतीन किलोचा असतो. दुसरी बाजू १५ सेंमीवर उतरली तर तो ६ किलो होतो, आणि ती पूर्ण रिकामी झाली तर साडेनऊ किलोच्या जवळ जातो. हे आकडे ५ मिमी काचेसाठी किरकोळ आहेत. मात्र हा भार स्थिर नसतो, आणि ते लक्षात घेण्यासारखे आहे. पंप चालू असताना इतर कप्प्यांतील पातळी पडद्यांच्या उंचीने ठरलेली असते, त्यामुळे बाष्पीभवनाने होणारी सगळी घट शेवटच्या, म्हणजे पंपाच्या कप्प्यात दिसते. तो कप्पा २० × ३० सेंमीचा असेल आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत ३ लिटर पाणी उडाले, तर तेथील पातळी ५ सेंमीने खाली जाते. वीज गेली की वरचे पाणी खाली येऊन सर्व पातळ्या समान होतात आणि भार नाहीसा होतो; वीज आली की तो पुन्हा येतो. भारनियमनाच्या गावी शेवटच्या पडदीचा सांधा दिवसातून अनेकदा असा ताणला आणि सैल सोडला जातो. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे काचेवर ते हे वर्षानुवर्षे सहन करते, ॲक्रिलिकवर नाही.

खिडकीची काच वापरण्यापूर्वी काही गोष्टी तपासा. कोपऱ्यात लहानसा शिक्का असेल तर ती टफन्ड काच असण्याची शक्यता आहे; तशी काच कापता येत नाही, कापायला गेल्यास तिचा चुरा होतो. आरसा किंवा चकाकीचा थर दिलेली काच घेऊ नका, कारण आरशाच्या मागे चांदी आणि बहुधा तांब्याचाही थर असतो आणि तांबे कोळंबी व गोगलगायींना फार अल्प प्रमाणातही मारक ठरते. जुनी लांबी (पुट्टी) आणि रंग ब्लेडने पूर्ण खरवडून काढा. एका बाजूने खडबडीत असलेली नक्षीची काच चालते, फक्त तिच्या कडेलगतच्या पट्ट्यातील खाचांमध्ये मळ राहणार नाही असे पाहा. नवी काच घ्यायची झाली तर या मापासाठी ५ मिमी योग्य आहे. याहून जाड काचेने काही विशेष साधत नाही.

कडाप्पा नको. तो काळा चुनखडक आहे. त्यावर लिंबाचा रस टाकून पाहिलात तर बारीक फेस येताना दिसेल, आणि जे लिंबाने जलद होते ते किंचित आम्लधर्मी पाण्यात सावकाश होते. पाण्याचा जडपणा आणि सामू हळूहळू वाढतो. आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या सिक्लिड माशांना ते मानवेल, परंतु डिस्कस किंवा टेट्रा यांसारखे मऊ पाण्याचे मासे ठेवणाऱ्याने हा दगड पाण्यात घालू नये. त्याचे वजन आणि ओबडधोबड कडा ही अडचण वेगळीच.

सनबोर्ड या नावाने मिळणारा फोम पीव्हीसीचा पत्रा पाण्याने कुजत नाही आणि ब्लेडने कापता येतो, म्हणून तो अनेकांना मोहात पाडतो. माझे मत त्याच्या विरोधात आहे. सिलिकॉन त्याला काचेइतके धरत नाही, शिवाय तो जाहिरातीच्या पाट्यांसाठी बनवलेला असल्याने त्यात कोणते स्थिरक (प्लास्टिक टिकवण्यासाठी मिसळलेली रसायने) घातले आहेत हे दुकानदाराला सांगता येत नाही. पीव्हीसीमध्ये शिशाची संयुगे वापरण्याची पद्धत जुनी आहे. ॲल्युमिनियम, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, पितळ आणि प्लायवूड यांचा विचारही करू नये.

तुमच्याकडील ॲक्रिलिक मात्र वाया घालवण्याची गरज नाही. ज्या आडोशातून थोडे पाणी पाझरले तरी चालते, उदाहरणार्थ स्पंज उभे धरण्यासाठी, तेथे ते चिकटवण्याऐवजी खाचेत सरकवा. सम्पच्या दोन्ही भिंतींवर काचेच्या दोन-दोन अरुंद पट्ट्या उभ्या चिकटवल्या की मध्ये खाच तयार होते. खाच पत्र्याच्या जाडीपेक्षा किंचित रुंद ठेवावी आणि पत्रा रुंदीला २ ते ३ मिमी कमी कापावा, म्हणजे फुगायला जागा राहते. असा आडोसा साफसफाईच्या वेळी वर ओढून काढता येतो, आणि ही सोय मला इतकी आवडते की आता माझ्या सम्पमध्ये स्पंजाच्या कप्प्याला अशीच खाच आहे.

काच कापून घेताना टाकीची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी मापातून ३ ते ४ मिमी वजा करा, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड ते दोन मिमी सिलिकॉनसाठी राहतील. घट्ट बसणारी पडदी चांगली, असा समज आहे. प्रत्यक्षात काचेला काच भिडली की सिलिकॉन मध्ये शिरत नाही आणि बसवताना भिंतीला टवका जाण्याची भीती असते. तळाशी दोन्ही कोपऱ्यांत टाकीच्या मूळ सांध्याचे सिलिकॉन असते, ते कापू नका. त्याऐवजी पडदीचे खालचे दोन कोपरे ५ मिमी तिरके छाटून घ्या. कडा काचवाल्याकडून घासून घ्याव्यात, कारण सम्पमध्ये तुमचा हात वारंवार जाणार आहे.

उंची ठरवताना वीज गेल्यावर खाली येणाऱ्या पाण्याचा हिशेब आधी करा. वरच्या टाकीची पातळी ३ सेंमी उतरली तर १२० × ४५ सेंमीच्या हिशेबाने सुमारे १६ लिटर पाणी खाली येते आणि तुमच्या सम्पमध्ये ते ६ सेंमी उंची व्यापते. पडद्या २५ सेंमी ठेवल्या तर पाणी फार तर ३१ सेंमीपर्यंत चढेल आणि ३८ सेंमीच्या टाकीत पुरेशी जागा उरेल. बुडबुडे अडवणाऱ्या तीन पडद्यांपैकी मधली तळापासून अडीच सेंमी वर उचललेली आणि माथ्याला पाण्याबाहेर असावी. ताशी १५०० लिटर प्रवाहाला ३० सेंमी रुंदीच्या त्या फटीतून सेकंदाला साडेपाच सेंमी वेगाने जावे लागते आणि हा वेग योग्य आहे. ही मधली पडदी केवळ दोन उभ्या कडांवर टांगलेली असते, परंतु तिच्या दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखीच असल्यामुळे तिच्यावर भार नगण्य असतो. सर्वांत नीट बसवायची ती पंपाच्या कप्प्यालगतची पडदी.

सिलिकॉन व्हिनेगरसारखा वास येणारे, शंभर टक्के सिलिकॉन असलेले आणि बुरशीनाशक नसलेले घ्या. बाथरूमसाठी विकले जाणारे सिलिकॉन टाळा, त्यात बुरशीनाशक असते. काचेच्या कडा आणि भिंतीवरील जागा ॲसिटोनने पुसा, त्यानंतर तेथे बोट लागू देऊ नका. मास्किंग टेप लावून पडदी गुण्याने काटकोनात धरा, दोन्ही बाजूंनी सिलिकॉनची धार भरा, ओल्या बोटाने एकदाच सपाट करा आणि लगेच टेप काढा, कारण साधारण दहा मिनिटांत वर साय धरू लागते. साय धरणे म्हणजे वाळणे नव्हे. हवेतील ओलाव्याने हे सिलिकॉन बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिमी या गतीने पक्के होते. ४८ तास ही किमान मुदत समजा. मी आठवडाभर थांबतो आणि आंबट वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी भरत नाही. एखाद्या ठिकाणी फट राहिली तर वरून नवा थर लावून भागत नाही, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवे सिलिकॉन नीट धरत नाही. तेवढा भाग ब्लेडने काचेपर्यंत काढून पुन्हा भरावा लागतो.

यानंतर सम्प टाकीखाली ढकलण्यापूर्वी गॅलरीत किंवा बाथरूममध्ये समतल जागेवर ठेवा, पंपाचा कप्पा रिकामा राखून त्यालगतच्या कप्प्यात पडदीच्या माथ्यापर्यंत पाणी भरा आणि २४ तास तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी कोरड्या बाजूला तळाशी काही थेंब जमलेले दिसले तर काळजीचे कारण नाही, कारण ते पाणी सम्पमध्येच राहणार आहे. पातळी बोटभर उतरली असेल, तर तो सांधा तेव्हाच सोडवून पुन्हा करा. पाइप जोडल्यावर आणि मासे सोडल्यावर ते काम कितीतरी पटींनी अवघड होते.